फिरावयास जाणे : एक बिनखर्चाचा छंद

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वसतिगृहाच्या दाराशी एक जाडजूड वही ठेवलेली असते. बाहेर जाताना तीत नाव, खोली क्रमांक, जाण्याची वेळ, परतण्याची वेळ आणि 'कारण' असे पाच रकाने भरावे लागतात. गेल्या वर्षी साताऱ्यात नवीन असताना एका संध्याकाळी मी शेवटच्या रकान्यात 'फिरणे' असे लिहिले. रेक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "फिरणे हे काय कारण झालं?" मला उत्तर सुचले नाही. मी तो शब्द खोडून 'झेरॉक्स' असे लिहिले व बाहेर पडले. त्या दिवशी मी झेरॉक्स काढली नाही. अजिंक्यताऱ्याच्या वाटेने चार भिंतींपर्यंत जाऊन, घटकाभर बसून परत आले. मात्र खोटे लिहिल्याची रुखरुख मनाला लागून राहिली. त्या वेळी जे उत्तर देता आले नाही, ते या लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

वास्तविक आपल्या भाषेत पायांनी जाण्याला किती तरी शब्द आहेत. चालणे, फिरणे, हिंडणे, भटकणे, रपेट, फेरफटका, शतपावली, वाटचाल, वारी, परिक्रमा, पदयात्रा आणि पायपीट. बारकाईने पाहिले तर हे सगळे शब्द एकाच क्रियेचे असले तरी त्यांचा अर्थ एक नाही. रात्रीच्या जेवणानंतर अंगणात घालावयाची ती शतपावली. देवाच्या ओढीने दरवर्षी नेमाने करावयाची ती वारी. नदीला किंवा डोंगराला उजवीकडे ठेवून घालावयाची ती परिक्रमा. आणि नाइलाजाने, तापल्या वाटेने, परत तेच अंतर तुडवावयाचे ती पायपीट. पाय तेच, रस्ताही कदाचित तोच. मग एका शब्दात सुख आणि दुसऱ्यात कष्ट का भरून राहिले आहेत, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

माझ्यापुरता तर हा प्रश्न घरचाच आहे. मी फलटण तालुक्यातील एका मेंढपाळ कुटुंबातील. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातील अनेक कुटुंबे मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जातात. बरोबर जाणाऱ्या अशा कुटुंबांच्या मेळाला आमच्याकडे 'वाडा' म्हणतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर लहान मूल किंवा कोंबडी, बाया घोड्यांबरोबर, पुरुष मेंढरांबरोबर आणि कुत्री मागेपुढे असा हा वाडा रोज थोडी थोडी मजल मारीत जातो. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढरे बसवावयाची. त्यांच्या लेंड्यांचे खत शेतकऱ्याला मिळते आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. कोकणचा पाऊस मेंढराला सोसत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला परत घाट चढून देशावर यावयाचे. वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ असा चालण्यात जातो. मी आणि माझा धाकटा भाऊ शाळेसाठी आजीजवळ गावी राहिलो, आणि आई-वडील चालत राहिले.

गेल्या दिवाळीत, वाडा निघण्याच्या आधी, मी घरी गेले होते. बोलता बोलता मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले की, मी साताऱ्यात रोज फिरायला जाते. आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता म्हटले, "आगं, चालायचं सुटावं म्हणून तर तुला शाळंत घातली."

हे वाक्य मी साताऱ्याला येताना एस. टी. त बरोबर घेऊन आले, आणि ते अजून माझ्याजवळच आहे. चालण्याची स्तुती करणारे लेख आपण पुष्कळ वाचतो. पण ज्याला दोन हंडे पाण्यासाठी चालावे लागते, त्याच्यासमोर तो लेख मोठ्याने वाचता येईल काय, ही कसोटी लावली तर त्यांतील बरेच लेख टिकणार नाहीत. म्हणून फिरण्याचा छंद म्हणजे काय, हे सांगताना मी आईचे वाक्य विसरणार नाही.

प्रथम शरीराची बाजू पाहू. चालणे ही आपल्याला इतकी सवयीची गोष्ट आहे की, तिच्यातील करामत ध्यानातच येत नाही. माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. चालताना आधी टाच टेकते, मग शरीराचा भार त्या पायावरून पुढे सरकतो आणि अखेर अंगठ्याच्या रेट्याने पाऊल उचलले जाते. घड्याळाचा लंबक उलटा धरला, म्हणजे टोक खाली आणि वजन वर, तर तो जसा एका बाजूकडून दुसरीकडे झुकेल, तसे आपले शरीर टेकलेल्या पायावरून पुढे झुकते. किंचित वर चढताना साठलेली शक्ती खाली येताना परत मिळते. म्हणून सपाटीवर माणूस फार न थकता तासन्‌तास चालू शकतो. पळण्यात क्षणभर दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात. चालण्यात एक पाय सदैव जमिनीवर असतो. चालण्याच्या शर्यतीत पंच नेमके हेच पाहतात.

ही कला माणसाची फार जुनी मिळकत आहे. आफ्रिकेतील टांझानिया देशात लाएतोली येथे १९७८ साली मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या राखेत उमटून घट्ट झालेल्या पाऊलखुणा आढळल्या. त्या सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. म्हणजे दगडाची हत्यारे घडविण्याच्या, लिहिण्या-वाचण्याच्या कितीतरी आधी आपले पूर्वज दोन पायांवर चालत होते.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात व सैल होतात आणि पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. दिवसभर एकाच जागी बसणाऱ्याचे पाय सुजतात, जड होतात, त्याचे एक कारण हा पंप बंद पडणे हे होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. १५० मिनिटे म्हणजे रोजची बावीस मिनिटे झाली. मध्यम श्रम कसा ओळखावा, याची सोपी खूण अशी, की चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

सध्या मोबाईलमध्ये पावले मोजण्याची सोय असते आणि आमच्या वर्गातही 'आज दहा हजार झाली' असे अभिमानाने सांगणारे आहेत. या दहा हजारांचा उगम मौजेचा आहे. टोकियो येथे १९६४ साली ऑलिंपिक सामने झाले. पुढील वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये कमरेला लावावयाचे एक पावले मोजणारे यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव होते 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. तो आकडा यंत्राच्या नावातून जगभर गेला. दहा हजार पावले म्हणजे साधारण सात किलोमीटर. ती चालली तर उत्तमच. पण चार हजार झाली म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. माझ्या वडिलांनी आपली पावले कधी मोजली नाहीत. ते मेंढरे मोजतात.

चालण्याचा डोक्याशीही संबंध आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना अधिक सुचतात. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याच्या शिष्यपरंपरेला तर 'फिरते' अशा अर्थाचेच नाव पडले आहे. परीक्षेच्या दिवसांत मीही हे करून पाहिले. खोलीत बसून तीनदा वाचलेले उत्तर पाठ होत नाही. तेच मंगळवार तळ्याच्या बाजूने मनाशी म्हणत गेले की क्रमाने आठवू लागते. प्रत्येक मुद्दा वाटेवरच्या एखाद्या झाडाला किंवा दुकानाच्या पाटीला टांगून ठेवावा. परीक्षागृहात डोळे मिटून तीच वाट पुन्हा चालावी.

महाराष्ट्राला चालण्याची शिकवण बाहेरून घेण्याची गरज नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर अंतर आषाढी एकादशीपर्यंत, सुमारे तीन आठवड्यांत, पार करते. नीरा नदीत पादुकांना स्नान घालून ती आपल्या सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते. वाटेत चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते. लहानपणी आजीच्या खांद्यावरून मी ते पाहिले आहे. इरावती कर्वे यांनी या वारीत स्वतः चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला, तो आपल्या ग्रंथालयात 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे, अवश्य वाचावा.

इरावतीबाई ज्यांच्या सूनबाई, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांची चाल तर आम्हा विद्यार्थ्यांना विशेष जवळची वाटावी. कोकणातील मुरूडहून एका सरकारी परीक्षेसाठी ते मित्रांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला आले. हे अंतर १०० मैलांहून अधिक. येथे आल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो, असे म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही! सारी वाट फुकट गेली. त्याच माणसाने पुढे स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारले आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. ते ज्या सह्याद्रीतून परीक्षेसाठी वर आले, त्याच सह्याद्रीतून आमचा वाडा पोटासाठी खाली जातो. ही वाट चढलेल्या एका माणसामुळे असंख्य मुली शिकल्या, हे आठवले की मला आपली बावीस मिनिटे फार स्वस्तात पडली असे वाटते.

मग पायपीट आणि फिरणे यांत फरक कोणता? माझ्या मते तो तीन गोष्टींत आहे. एक, डोक्यावर ओझे नसावे. दुसरे, वाट्टेल तेथून मागे वळण्याची मोकळीक असावी. आणि तिसरे, परतल्यावर चूल पेटविण्याची घाई नसावी. या तीन गोष्टी ज्याला मिळतात, त्याला फिरणे फुकट आहे. ज्याला मिळत नाहीत, त्याला ते फार महाग पडते. छंद बिनखर्चाचा खरा. पण तो आपल्याला बिनखर्चात मिळावा म्हणून घरात दुसऱ्या कोणी तरी पावले खर्च केलेली असतात, एवढी जाणीव असली म्हणजे पुरे.

आता प्रत्यक्ष फिरण्याविषयी. या बाबतीत साताऱ्याइतके भाग्यवान गाव थोडेच असेल. नवख्याने राजवाड्यापासून चार भिंतींपर्यंत जावे. तेथून संध्याकाळचे दिवे लागताना सारे शहर दिसते. पायांना सवय झाली की अजिंक्यतारा. या किल्ल्याला औरंगजेबाच्या सैन्याचा वेढा पडला होता, आणि १७०८ साली छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला. वर मंगळाईचे देऊळ आहे. स्वच्छ सकाळी तटावरून सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, चंदन-वंदन असे डोंगर ओळीने ओळखता येतात. रविवारी वेळ असेल तर सपाटीवरून पूर्वेला माहुलीपर्यंत जावे. तेथे कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. दूरचे जाणाऱ्याने यवतेश्वराचा घाट धरावा. त्याच बाजूला पुढे कासचे पठार आहे, ज्याचा २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात समावेश झाला. तेथे फुले पाहावीत, तुडवू नयेत.

साहित्य फारसे लागत नाही. पायात चावणारी नवी चप्पल नसावी. पाण्याची बाटली असावी. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी निघावे, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या टाळाव्यात. पहिल्याच दिवशी शौर्य गाजवू नये. आठ दिवस रोज पंधरा मिनिटे चालून मग वाढवावे. आणि मोबाईल खिशात ठेवावा. कानात गाणी घालून चालणाऱ्याला मागून येणारी मोटार ऐकू येत नाही, तसा भारद्वाजही ऐकू येत नाही.

सोबतीला कुत्रा असला तर फारच उत्तम. कुत्रा हा माणसाने माणसाळविलेला पहिला प्राणी. वसतिगृहात कुत्रा पाळता येत नाही, पण कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीजवळ एक तांबूस कुत्रा असतो. गेल्या पावसाळ्यात तो आपण होऊन आमच्या मागे येऊ लागला. आम्ही त्याचे नाव 'खंड्या' ठेवले. या नावाला साताऱ्यात इतिहास आहे. शाहू महाराजांचा खंड्या नावाचा एक आवडता कुत्रा होता. शिकारीच्या वेळी त्याच्या भुंकण्यामुळे महाराज वाघापासून वाचले, आणि त्यांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. संगम माहुलीला त्याची दगडी समाधी आजही आहे. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराच्या अखेरच्या वाटचालीत भाऊ आणि द्रौपदी एकेक करून गळून पडतात. सोबत उरतो तो एक कुत्रा. त्याला सोडून स्वर्गात येण्यास युधिष्ठिर नकार देतो, ही कथा सर्वांना ठाऊक आहेच.

कुत्र्याबरोबर फिरण्याचा पहिला धडा म्हणजे थांबणे. आपण डोळ्यांनी वाट पाहतो, कुत्रा नाकाने वाचतो. रोजच्याच खांबापाशी तो अशा गंभीरपणे थबकतो, जणू कालचे वर्तमानपत्र राहून गेले आहे. त्याला ओढू नये. त्याच्यासाठी थांबल्यामुळेच मला त्या खांबामागची सुगरणीची घरटी दिसली. पाळीव कुत्रा असल्यास रस्त्यावर दोरी अवश्य असावी. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये; स्थिर उभे राहावे. चावला, अगदी ओरखडा निघाला, तरी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लस घ्यावी. हळद-चुना लावून घरी बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. आधी घेतलेल्या लसीने तो टळतो.

मैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. मुलगा संध्याकाळी रस्त्याने रमतगमत चालला तर त्याला कोणी काही विचारत नाही. मुलगी चालली तर 'कुठे निघालीस?' हा प्रश्न येतोच, आणि त्याला उत्तर म्हणून एखादे काम सांगावे लागते. म्हणून आपण रिकामी पिशवी हातात घेऊन निघतो. मला असे आढळले की, शेजारी कुत्रा असला की हा प्रश्न निम्मा कमी होतो. लोकांना वाटते, कुत्र्याला फिरवून आणणे हे काम आहे. खंड्याने आम्हाला दिलेली ही फार मोठी देणगी आहे. पण ती स्वीकारताना वाईटही वाटते. कुत्र्याचे फिरणे लोकांना पटते, आमचे पटत नाही. याला उपाय एकच : दोघी-तिघींनी मिळून, उजेडात, नेमाने निघावे. महिन्याभरात वाटेवरची माणसे ओळखू लागतात आणि विचारेनाशी होतात.

आता आईची गोष्ट पुरी करते. यंदा वाडा कोकणातून परत आल्यावर, शिष्यवृत्तीच्या एका कागदावर अंगठा देण्यासाठी ती साताऱ्याला आली होती. काम दुपारीच आटोपले. एस. टी. ला तीन तास होते. मी म्हटले, "चल, किल्ल्यावर जाऊ." ती म्हणाली, "वर काय काम हाय?" मी म्हटले, "काही नाही." तिने जरा विचार केला, पदर खोचला आणि निघाली. मला वाटले होते, मी तिला वाट दाखवीन. प्रत्यक्षात मी धापा टाकीत मागे, आणि ती सारखा वेग धरून पुढे. मध्येच थांबून ती कडेच्या झुडपांची नावे सांगे. कोणते मेंढराला चालते, कोणते चालत नाही. तटावर पोहोचल्यावर ती पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. डोंगरांच्या एकामागे एक निळ्या रांगा दिसत होत्या. ती म्हणाली, "त्याच्या पल्याड आमी उतरतो." नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. खाली उतरताना म्हणाली, "डोस्क्यावर कायी नसलं की डोंगूर बरा दिसतो."

तिला एस. टी. त बसवून मी वसतिगृहावर आले, तेव्हा परतण्याची वेळ लिहावयास वही उघडली. दुपारी निघताना मी 'कारण' या रकान्यात 'आईबरोबर फिरणे' असे लिहिले होते. रेक्टरबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ते वाचले आणि एवढेच विचारले, "दमल्या का ग आई?"

"नाही," मी म्हटले. "मी दमले."